हरणीला भेटायला खाडीवर

एसटी कऱ्हाडच्या बाहेर पडली तशी शेजारच्या बाईंनी पिशवीतून चिवडा काढला, माझ्यापुढे केला आणि विचारलं, "कुठवर?"

"हेदवीच्या पुढं, खाडीवर. लेकीला बघायला चाललेय."

"अगं बाई, इतक्या लांब दिलीत? किती वर्षं झाली?"

"दोन पावसाळे गेले."

"मग काही गोड बातमी?"

"तसलं काही नाही. पण ओझं उचलते, चढ चढते आणि पिते बेतानं."

बाईंचा चिवड्याचा हात हवेतच राहिला. मला हसू आवरेना. शेवटी सांगून टाकलं, की लेक म्हणजे आमची जीप, हरणी. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, पण विषय काही सोडला नाही. "जीप का असेना. दिल्या घरी सुखात आहे ना?"

"तेच बघायला चाललेय," मी म्हटलं.

हरणीची हकिगत आधी सांगायला हवी. आमचे हे बोअर मारायचे. आमच्या आटपाडीकडे जमिनीला भोक पाडून पाणी काढणं म्हणजे निम्मं पुण्य आणि निम्मा जुगार. मशीनची लॉरी मागून यायची. तिच्या आधी बांधाबांधानं, ओढ्यानाल्यातून हे जीप घेऊन जागा बघायला जायचे. फोर-व्हील, हिरव्या रंगाची, उडतउडत जाणारी, म्हणून हरणी. रविवारी हे गाडीखाली निजायचे आणि मी उकिडवी बसून पाने द्यायची. कुठला पाना कधी लागणार हे मला त्यांच्या नुसत्या खाकरण्यावरून कळायचं. पुढे त्यांना वाकणं जमेना, तेव्हा मी खाली आणि हे खुर्चीवर बसून हुकूम सोडणार. "पाण्याला वाट द्यावी, म्हणजे ते वैर धरत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बोअरचा गाळ असो, पत्र्याची गळती असो, नाहीतर रागावलेलं माणूस असो, सगळ्याला तेच औषध.

ती आता ज्याच्याकडे आहे त्या खाडीवरच्या रमाकांतच्या वाडीतलं बोअरही यांनीच मारलं. खाडीकाठच्या विहिरी चैत्रात खारट होतात म्हणून वर सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, अंगाला जागा धरली होती. पहिल्यांदा नुसती धूळ निघाली, पाणी दुसऱ्या जागी लागलं. तेवढ्या मुक्कामात या दोघांचं जे जमलं, ते कायमचं. रमाकांत आधी मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवर खलाशी होता, नंतर त्यानं स्वतःची लाकडी होडी केली. हे गेल्यावर तो भेटायला आला, तेव्हा त्याचा उजवा खांदा गेलेला होता. होडी आणि धक्क्याच्या मधे सापडला होता. जाळं ओढणं संपलं. आमच्या शेडमध्ये हरणीच्या बॉनेटवर हात ठेवून तो किती वेळ उभा होता. वाळूवरून माशांचे क्रेट वर रस्त्याला आणायचे, आंब्याच्या दिवसांत सड्यावरच्या बागांतून पेट्या आणायच्या, एवढं काम अशी गाडी असली तर एका हातानं होईल, असं तो म्हणाला. मी देऊन टाकली. एकच अट घातली. "सांभाळता नाही आली तर परत आणून द्यायची. तोवर दुसरी किल्ली माझ्याकडे."

गेलं वर्षभर फोनवर "गाडी कशी आहे?" म्हटलं, की माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणायचा, "झकास!" एवढी घाई कुणी झकास माणूस करत नाही. शेवटी मी दशभुजा गणपतीच्या दर्शनाचं निमित्त काढलं आणि निघाले. म्हणजे मीही ताकाला जाऊन भांडं लपवतच होते.

कुंभार्ली उतरल्यावर

घाट उतरला की हवेचं वजन बदलतं. आमच्याकडे फाल्गुनात ओठ फुटतात, इथे पदर अंगाला चिकटतो. शिमग्याला आलेले मुंबईकर परतले होते, वाड्या पुन्हा शांत झाल्या होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजूच्या मोहराचा वास, आणि मधेमधे जांभ्या दगडाच्या खाणी, भाकरीचे तुकडे पाडावेत तसे सरळ कापून रचलेले चिरे.

गुहागरच्या स्टँडवर रमाकांत उभा होता. शेजारी रिक्षा.

"हरणी कुठाय?"

"कामाला गेली हाय वैनी. तुमी वायच दमल्यात, आधी बसा."

"कामाला गेली आणि चालवणारा इथं उभा?"

तो रिक्षावाल्याकडे वळून म्हणाला, "चल रे, वैनींना ऊन लागतंय." ऊन कलंडून गेलं होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

खाडीवर

रमाकांतची बायको सुगंधा दारातच होती. काटक, मोठ्या आवाजाची, अंबाड्यात आकडे खोचलेले. मासे घेऊन वरच्या गावांत विकायला जाणारी बाई, त्यामुळे तिचं साधं "या" सुद्धा खाडीच्या पलीकडे ऐकू जावं असं. पाय धुवायला पाणी दिलं, ते बोअरचं. मी एक घोट प्यायले. गोड पाणी. यांनी काढलेलं पाणी मी इतक्या लांब येऊन पितेय, या विचारानं मी अख्खा तांब्या संपवला. सुगंधानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "तेंच्या नावानंच पितो आमी," ती म्हणाली.

हरणी कामाला बिमाला गेली नव्हती. घरामागच्या माडांखाली होती, वर जुनं जाळं आणि ताडपत्री. पुढे झेंडूचा हार, बंपरला होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, लावतात तसं भगवं निशाण. मी तिकडे पाऊल टाकलं तसा रमाकांत मधे. "आधी च्या घ्या वैनी." चहा झाला. "आता देवाला जाऊन येऊ, मंग गर्दी व्हते." हेदवीला जाऊन आलो, रिक्षानंच. देवळात गर्दीच्या नावानं आम्ही तिघं आणि एक मांजर. परत आलो तर "आता दिवेलागणीला गाडीला हात लावू नये." कोकणातला माणूस नाही म्हणत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. आमच्याकडे नाही म्हणायचं असलं तर दारातच म्हणतात, वर आवाज चढवतात. इथे तुम्हाला खाऊ घालून घालून नाही म्हणतात.

आणि काय खाऊ घातलं! खाडीतल्या शिंपल्यांतले मुळे खोबरं लावून, बांगडा तळून, तांदळाची भाकरी, वर सोलकढी. मी जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेली बाई. तांदळाची भाकरी मला पोळीच्या आणि स्वप्नाच्या मधलं काहीतरी वाटली. बांगड्याचा काटा मात्र घशात अडकला. डोळ्यांतून पाणी, तोंडातून ब्र नाही. सुगंधानं सुक्या भाताची मूद गिळायला लावली. काटा गेला, आणि रमाकांत इतका आनंदला, की मला संशय आला, काटा अडकलेलाच त्याला बरा वाटत होता. तेवढा वेळ गाडीचं नाव निघालं नव्हतं.

गाऱ्हाणं

सकाळी मी किल्ल्यांचा जुडगा घेऊनच अंगणात आले. "रमाकांत, मी हरणी चालवून बघणार आहे. ताडपत्री काढ."

त्यानं सुगंधाकडे बघितलं. सुगंधानं त्याच्याकडे बघितलं नाही. ती आत गेली आणि नारळ, पानाचा विडा, तांदूळ घेऊन बाहेर आली. "हात लावायच्या आधी गाऱ्हाणं घाला," ती त्याला म्हणाली. "मूळ मालकीण चाकावर बसणार हाय. देवाला इचारल्याशिवाय होडी नाय लोटत, मंग गाडी कशी लोटताव?"

गाऱ्हाणं म्हणजे काय ते आमच्या देशावरच्या वाचकांना सांगायला हवं. आम्ही देवाला हात जोडतो, मनातल्या मनात काय ते मागतो. इथे देवापुढे नारळ ठेवून उभ्यानं, मोठ्यानं, सगळी हकिगत सांगतात. कोण आलंय, काय अडलंय, काय चुकलंय. आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणायचं. त्यात लपवाछपवी चालत नाही. देवाला अर्धी गोष्ट सांगितली तर देव अर्धंच काम करतो, असा हिशेब.

ताडपत्री निघाली. रमाकांतनं हरणीपुढे नारळ ठेवला आणि डोकीवरची टोपी काढली.

"बा देवा म्हाराजा, दशभुजा बाप्पा, गावच्या राखणदारा, खाडीच्या मालका..."

"होय म्हाराजा," सुगंधा म्हणाली.

"आज आमच्या दादाची बायकू, आमची वैनी, घाट उतरून आमच्या दारात आलेली हाय..."

"होय म्हाराजा."

"ही गाडी तिनं माज्या पदरात घातलंन. माजा खांदा गेलेला, घर बसलेलं, ते गाडीनं उभं केलंन..."

"होय म्हाराजा."

मग तो थांबला. खाली बघत, मानेची शीर ताठ करून, एका दमात म्हणाला, "आणि म्हाराजा, ती गाडी माज्या हातानं कुजली. खालची जमीन सडली हाय. वरती मी काथ्याची चटई टाकून ठेवलंय. काल आल्यापास्नं वैनीला गाडीपासून लांब ठेवलंय. तिची गाडी तिला परत न्यायची असंल तर तिचा शबूद खरा हाय. पण आंबा चार दिसांवर आलाय, आणि गाडी गेली तर मला मुंबैला पोराच्या चाळीत जाऊन बसाया लागंल. तर म्हाराजा, गाडी वाचायची असंल तर वाचव, नसंल वाचायची तर वैनीला माजा राग येऊ देऊ नको."

सुगंधा "होय म्हाराजा" म्हणायचं विसरली. ती पदर तोंडाला लावून उभी. गाऱ्हाणं असं अर्ध्यावर लोंबकळत ठेवू नये, एवढं मलाही कळत होतं.

"होय म्हाराजा," मी म्हटलं.

लेकी बोले सुने लागे, तसलाच प्रकार. सांगायचं मला, आणि पुढे उभा देव. देवाला उलट बोलता येत नाही, आणि मलाही येईना.

चटई उचलली. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा चाळण होऊन मधोमध हातभर फाटला होता, आणि त्यातून खालचं अंगण दिसत होतं. मी बघत असतानाच त्या भोकातून एक कोंबडी डावीकडून उजवीकडे गेली.

तेव्हा मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "अरे, दोन पावसाळ्यांत? आमच्याकडे इतकी वर्षं होती, नखाएवढा गंज नव्हता! काय मिठात मुरवलीत काय तिला?"

"रोज धुतो वैनी," रमाकांत काकुळतीला आला. "खाऱ्या वाळूवरनं आली की रोज. तुमच्या बोअरच्या गोड्या पाण्यानं. आतनं, बाहेरनं, वरनं बादल्या ओततो. पोरीला न्हाऊ घालावं तशी."

खरंच सांगत होता. आमच्याकडे पाण्याच्या टँकरची वाट बघणारी माणसं. गाडीला अंघोळ घालणारा माणूस आटपाडीत निघाला तर लोक त्याला अंघोळ घालतील. हरणीला वर्षातनं पोळ्याला तेवढी ओली फडकी. पण धुतल्यानं गाडी कुजत नाही. मिठाला तेच औषध. मग हे झालं कसं?

मी पदर खोचला.

चिऱ्यांच्या बांधावर

रमाकांतनं अंगणाच्या कडेला जांभ्या चिऱ्यांचे दोन बुटके बांध घातले होते, मधे माणूस निजेल एवढी जागा. चाकं बांधावर चढवली, मागेपुढे चिरे अडकवले, हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये ठेवली. मी गोणपाट टाकून खाली सरकले. पहिल्यांदा वास आला. मासळीबाजार उन्हात वाळत घालावा तसा.

"हे काय फासलंयस चेसीला?"

"माशाचं तेल. होडीला मारतो ना, त्यातलंच. लाकूड पाणी पीत नाय."

"म्हणून वाडीतली सगळी मांजरं हिच्याखाली निजतात होय!"

तेवढ्यात माझा हात पत्र्याच्या खालच्या अंगाला लागला. जीपच्या तळाला, दारांच्या खालच्या कडेला कंपनीनंच भोकं ठेवलेली असतात. आत शिरलेलं पाणी निघून जायला. हे दर महिन्याला त्यात तार घालायचे, धूळ बसली असली तर मोकळी करायचे. मी चाचपून बघतेय तर भोक नाही. दुसरं बघितलं, तेही नाही. प्रत्येक ठिकाणी काळा, कडक, दगडासारखा गोळा.

"रमाकांत, ही भोकं कुणी बुजवली?"

वरून त्याचा आवाज आला, आणि त्या सगळ्या सकाळीत पहिल्यांदाच त्यात थोडी ऐट होती. "मीच. आणली त्याच दिवशी. कापूस आणि राळ, तेल घालून ठोकून बसवलंय. दादानं गाडी भोकं पडलेली वापरलंन, मला तर इश्वासच बसंना. पत्रा फाटंस्तवर एक थेंब खालनं आत आला नाय बगा."

मी गोणपाटावर डोकं टेकून हसले. मग हसता हसता मला रडू यायला लागलं, तेही कळेना कशाचं. त्याचं तरी काय चुकलं? आयुष्यभर ज्याच्या तळाला भोक पडलं की माणसं बुडतात, अशा वस्तूवर पोट भरलेला माणूस. त्यानं हरणी घरी आणली आणि पहिल्यांदा तिला बुडण्यापासून वाचवली. मग रोज मायेनं तिच्यात बादल्या ओतल्या. ते पाणी बाहेर जायला वाटच नाही. चटईखाली दोन वर्षं ते साचत राहिलं.

मी खालूनच सांगितलं. होडीत पाणी खालून येतं, गाडीत वरून येतं. होडीचं भोक वैरी, गाडीचं भोक सखं.

"म्हंजे मीच मारली तिला," रमाकांत म्हणाला.

"मेली का जगली ते अजून बघायचंय. हातोडी दे."

पत्रा कुजला तर पत्रा बदलता येतो. चेसी कुजली तर गाडी भंगारात, मग गाऱ्हाणं घाला नाहीतर नवस बोला. चेसीवर हातोडी हलकेच मारायची आणि ऐकायचं. लोखंड खणखणीत वाजलं तर जिवंत. बद्द वाजलं तर आत गंजून पोकळ. मी पुढच्या चाकापासून सुरुवात केली. माझ्या कानाशी लोखंड आणि वर दोघांचे श्वास. खण्ण. खण्ण. मधल्या आडव्या पट्टीशी आले, तिथे माशाच्या तेलाचा बोटभर थर. तो खरवडला. खाली लोखंड निळसर काळं, तुळतुळीत. खण्ण! मागच्या चाकापर्यंत तोच आवाज. ड्रायव्हरच्या बाजूला बॉडी जिथे टेकते तो एक हात तेवढा बद्द वाजला, आणि पत्र्याबरोबर तोही वेल्डिंगनं निघणारा होता.

"रमाकांत," मी खालून ओरडले, "तुझ्या त्या नासक्या तेलानं हिला वाचवलंय!"

वर सुगंधा आधी रडली, मग नवऱ्याला म्हणाली, "बगा, आणि मी म्हनायची, मेल्या, वास मारतो!"

हेदवीकडून खिडक्यांचे ग्रिल करणारा एक वेल्डर दुपारी मशीन घेऊन आला. त्यानं कुजका पत्रा कापला, नवा बसवला, आणि मी उभी राहून त्यात भोकं पाडून घेतली. प्रत्येक भोकाला रमाकांतच्या कपाळावर एक आठी चढायची. वेल्डर जीव तोडून काम करत होता, कारण सुगंधानं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की काम नीट झालं तरच जेवण. रेड ऑक्साइडचे दोन हात आम्ही बायकांनीच मारले.

दुसरा दिवस सगळा हरणीच्या बाकीच्या दुखण्यांत गेला. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी हिरवी बुरशी चढलेली, ती गरम पाण्यानं धुऊन वर ग्रीस लावलं. चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्याला, क्रॉसला, ग्रीसगननं इतकं ग्रीस पाजलं, की जुनं काळं बाहेर येऊन नवं दिसू लागलं. मागच्या चाकांमधल्या डिफ्रंशलचा, म्हणजे गिअरच्या डब्याचा, नट मात्र मी जपून उघडला. खाऱ्या पाण्यात चाकं घालणारी गाडी. आत पाणी शिरलं असेल तर तेल दुधाच्या चहासारखं दिसतं. बोट घातलं. काळं, स्वच्छ. मी बोट रमाकांतच्या नाकापुढे धरलं, "हे असं दिसायला हवं. चहा दिसला की गाडी उभी करायची आणि मला फोन. झकास म्हणायचं नाही."

"नाय म्हणत," तो म्हणाला.

त्याला एका हातानं पाना फिरवणं जड जात होतं, पण सुगंधा माझ्या शेजारी गोणपाटावर आडवी होऊन सगळं बघत होती. दारांच्या खालच्या भोकांतली राळ निघेना. मी तार मागितली. तिनं अंबाड्यातला आकडा काढला, भोकात घालून असा काही फिरवला, की राळेचा गोळा टपकन खाली, आणि त्यामागून तांबडं, कुजकं पाणी तिच्या कोपरावरून वाहत गेलं. ती "शी!" म्हणाली नाही. डोळे मिटून म्हणाली, "गेली बाय पीडा."

"हे दर महिन्याला करायचं," मी म्हटलं. "आकडा घालायचा, तेलाची काठी बघायची, ग्रीस द्यायचं, चटई उन्हात टाकायची."

"दर संकष्टीला करीन," सुगंधा म्हणाली. "त्या दिशी उपास. वरची माणसं मासळी घेत नायत, मी घरीच असते."

आमचे हे रविवारी करायचे. इथे हरणीची मालिश बाप्पाच्या दिवसाला जोडली गेली, हे मला फार आवडलं. रविवार माणूस विसरेल, संकष्टी विसरणार नाही.

ओहोटी

निघायच्या दिवशी सकाळी ओहोटी होती. होड्या वाळूला लागणार होत्या, आणि क्रेट आणायचे होते. रमाकांतनं मला शेजारी बसवलं, मागे सुगंधा. किल्ली फिरवली. हरणीचा तो खोकल्यासारखा पहिला आवाज, मग घुर्रर्र. रोज सकाळी आमच्या अंगणात तोच आवाज व्हायचा आणि मी चुलीवर चहा ठेवायची. मी खिडकीकडे तोंड केलं.

वाडीतून उताराचा रस्ता, मग वाळू. होड्यांपाशी जायला मधे खाडीचा एक फाटा लागतो, ओहोटीतही गुडघ्याच्या वर पाणी. एरवी तो भरधाव काढायचा, चटईखाली काय चाललंय ते न बघता. आज पुढची चाकं पाण्यात गेली आणि तो हळू झाला. कारण नव्या पत्र्याच्या भोकांतून पाणी वर येत होतं. बुडबुड करत, निवांत, आमच्या पायाशी.

रमाकांतनं दोन्ही पाय वर घेतले. गाडी फाट्याच्या मधोमध धक्के खात बंद पडली. त्यानं वाकून सीटखालून काढलं काय, तर होडीतलं पाणी उपसायचं नारळाचं बेलं, अर्धी करवंटी. जीपमध्ये! दोन वर्षं ते तिथेच होतं. आणि तो पाणी उपसायलाच लागला. खांदा ज्या दिवशी मोडला त्या दिवशीही होडीत पाणी शिरलं होतं, हे मला सुगंधानं नंतर सांगितलं.

मी त्याचा हात धरला. "येऊ दे."

"वैनी, चढतंय!"

"चढू दे. आलंय तसं जाईल. क्लच दाब, चालू कर."

त्यानं पाय पाण्यात सोडले. जसे काही विस्तवात सोडले. हरणी चालू झाली, फोर-व्हीलचा दांडा ओढला, आणि ती हुंदके देत पलीकडच्या वाळूवर चढली. चढताना पाणी मागे सरलं, भोकांशी गोळा झालं, आणि गुळगुळ आवाज करत निघून गेलं. आमच्या पायांशी फक्त थोडी वाळू आणि एक इवलंसं कोलीम, नखाएवढी कोळंबी, एवढंच राहिलं.

रमाकांतनं गाडी थांबवली. त्यानं वाकून त्या ओल्या, मोकळ्या पत्र्यावरून हात फिरवला.

"बोअर लागलं तवा दादा हेच बोललंन होता," तो म्हणाला. "पाण्याला वाट दे, वैर नाय धरायचं. मी म्हटलं, बोअरचं सांगतोय."

सुगंधा मागून माझ्या केसांवर हात फिरवत राहिली. होडीवाले हाका मारत होते, क्रेट उतरून पडले होते. मग बेलं रमाकांतनं होडीवाल्याला देऊन टाकलं.

क्रेट भरून वर आलो. गुहागरच्या स्टँडवर या वेळी हरणीनं सोडलं. मी जुडग्यातून दुसरी किल्ली काढली आणि सुगंधाच्या हातात दिली. रमाकांतच्या नाही. तिनं ती बघितली, अंबाड्यातला एक आकडा काढून त्यात ओवली आणि आकडा परत अंबाड्यात खोचला. "आता घाट उतरून याल ते नुसतं जेवायला या," ती म्हणाली.

एसटीत खिडकीशी बसले. जुडग्याकडे हात दोनदा गेला. शेजारी एक म्हातारबाबा होते, चिपळूणला निघालेले. माझ्या साडीला माशाच्या तेलाचा वास येत होता, त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि सभ्यपणे विचारलं, "कुठून आलात?"

"लेकीकडून."

"बरी आहे?"

"तळाला भोकं आहेत," मी म्हटलं, "पण सुखात आहे." आणि त्या परक्या माणसासमोर मी हमसून हमसून रडले. त्यांनी रुमाल नाकावरून काढून माझ्यापुढे धरला.